शून्याच्या खालचा अंदाज

मुकुटबनहून वणीला जाणाऱ्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. नाव मी विचारलं नाही. मांडीवरच्या रक्ततपासणीच्या पेटीवर तिची बोटं सारखी वाजत होती. मधेच ती खिडकी उघडायची, लगेच लावायची.

"काहून पोरी, बरं नाही काय?"

"बरी आहे, काका. पण हिशेब बसून नाही राह्यला."

एका पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, तिनं चाळीस जणांचं रक्त तपासलं होतं. सिकलसेल हा रक्ताचा आजार तिघांना निघाला. त्यावरून साऱ्या भागाची औषधं ठरणार होती.

"साहेब म्हणतात, नेहमीचं सूत्र लावून शंभरात कमीत कमी किती अन् जास्तीत जास्त किती आजारी, असा अंदाज पाठव. लावलं, तं खालचा आकडा शून्याच्याही खाली गेला! शून्याहून कमी माणसं आजारी असतात काय?"

"मग?"

"आजार असलेले कमीत कमी दहा अन् नसलेले कमीत कमी दहा सापडले, तरच ते सूत्र चालते. तिघांवर नाही."

पुढच्या फाट्यावर ती एकदम उठली.

"वणी दूर आहे अजून," मी म्हणालो.

"परत जातो, काका. बाकीचे पोड तपासायचे राह्यले." पेटी सावरत ती उतरली आणि उलट्या दिशेनं चालू लागली.

तेव्हापासून कोणी टक्केवारी सांगितली की मला चैन पडत नाही. किती माणसं तपासली, ते मी आधी विचारतो.