क्लच कुणाच्या पायाखाली? बिद्री ते पेठ वडगाव, दोन दिवस

ही सहल ठरली ती भांडणातून. शिरोळला आमचं उसाचं शेत आहे आणि शेताकडे जाणारी पाणंद पावसाळ्यात नुसता काळा चिखल असते. म्हणून फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप घ्यायचं पक्कं झालं. अडलं ते गिअरवर. मॅन्युअल की ऑटोमॅटिक? सोमवारी शोरूमला कळवायचं होतं. माझे अहो म्हणत होते मॅन्युअल. त्यांच्या डाव्या गुडघ्याची दोनदा शस्त्रक्रिया झालीय आणि यापुढे सुधारणा नाही, हे डॉक्टरांनी आम्हा दोघांनाच सांगितलंय. मी म्हणत होते ऑटोमॅटिक, पण तेही घाबरतच.

शनिवारी सकाळी आमच्या जुन्या गाडीतून कोल्हापुरातल्या घरून कळंब्यामार्गे गारगोटी रस्त्याला लागलो. रस्ता चांगला आहे, पण हंगामात जाणार असाल तर वेळ हाताशी ठेवा. दोन-दोन ट्रॉल्या लावलेल्या उसाच्या ट्रॅक्टरमागे तासभर जातो. बिद्रीला नणंदेकडे भाकरी, खर्डा आणि दही खाऊन तिच्या यजमानांची, म्हणजे दाजींची, मॅन्युअल पिकअप बाहेर काढली. अहो चालवायला, दाजी शेजारी, मी मागे.

आधी शेताचा उतार. दाजी म्हणाले, "पयला गिअर टाका आणि ब्रेकला पाय लावू नका." गाडी अशी शहाण्यासारखी उतरली की मी मनातल्या मनात मॅन्युअल घेऊनही टाकली. मग रस्त्यावरच्या चढाला पुढचा ट्रॅक्टर थांबला, आम्ही थांबलो आणि निघताना गाडी चक्क मागे घसरली.

"ओ पावणं, ब्रेक दाबा की! मागं माणसं हायत!" मागचा मोटारसायकलवाला ओरडला.

अहोंनी गाडी सावरली. पण त्यांचा पाय थरथरताना मी पाहिला. दाजींनीही पाहिला असावा.

"क्लच जड हाय जरा हिचा," ते म्हणाले. क्लच अजिबात जड नव्हता.

रविवारी हायवेनं वाठारपर्यंत आणि तिथून आत पेठ वडगावला. अहोंचा मित्र प्रकाश तिथे भाजीचा व्यापार करतो, त्याची पिकअप ऑटोमॅटिक. किंमत मॅन्युअलपेक्षा बरीच जास्त, हे त्यानं चहाआधीच सांगितलं. बाजाराच्या गर्दीतून अहोंनी ती सुरेख चालवली. मी खूश. तेवढ्यात सवयीनं डावा पाय क्लच समजून ब्रेकवर पडला आणि आम्ही तिघेही पुढे आपटलो. प्रकाश हसत सुटला. अहो हसले नाहीत.

"कशी वाटली?" मी विचारलं.

"चालवतोय असं वाटत न्हाय. बसून ऱ्हायलोय असं वाटतंय."

आता काय करायचं? पाय ऑटोमॅटिक म्हणत होता, माणूस मॅन्युअल म्हणत होता, आणि मला दोघांचंही पटत होतं. परतताना वाठारला अहो आमच्या गाडीतून उतरले आणि म्हणाले, "तू घे चालवायला." लग्नाआधी मी वडिलांची जीप चालवायचे, पण हायवेवर कधी नाही. तरी बसले. कोल्हापूरच्या अलीकडच्या शिरोलीपर्यंत ते माझा पाय क्लचवर कसा पडतोय तेच बघत होते. मग म्हणाले, "मॅन्युअलच सांगू उद्या."

"अहो, पण पाय?"

"तुझा हाय की."

शोरूमला मॅन्युअल कळवली. तुम्हीही घेणार असाल तर दोन्ही चालवून बघा, आणि ज्याला रोज चालवायचीय त्यालाच आधी बसवा. एवढाच सल्ला मी छातीठोकपणे देऊ शकते.

काल गाडी मिळाली. शोरूममधल्या पोरीनं हार घातलेल्या गाडीपुढे किल्ली अहोंसमोर धरली. त्यांनी हात पुढे केला नाही, नुसती माझ्याकडे मान हलवली. फोटोत मी किल्ली घेऊन हसतेय, तेही हसतायत. घरापर्यंत मी एकदाही गाडी बंद पडू दिली नाही, शेजारीपाजारी कौतुक करायला आले, पेढे वाटून झाले. आणि मला मात्र अजून कळलेलं नाही, की मी गाडी घेतली की त्यांच्याकडून काढून घेतली.