पुस्तकात नसलेला पूल

रक्तपेढीत तिला सगळे 'दोनदा' म्हणतात. हे नाव मीच ठेवलं, बावीस वर्षांपूर्वी. रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने पिशवीवरचा रक्तगट वाचला, नळीवरचा वाचला, मग पुन्हा पिशवीवरचा वाचायला घेतला. मी कंटाळून म्हटलं, "बाई, एकदा वाचून भागत नाही का?" ती शांतपणे म्हणाली, "भागतं. पण मी दोनदाच वाचणार." तेव्हापासून ती दोनदा. आता तिची मुलगीसुद्धा फोन करते तेव्हा विचारते, "मावशी, दोनदा आहे का जागेवर?"

आमचं काम सांगायला सोपं आहे. पेशंटच्या रक्ताचा नमुना खाली येतो, तो पिशवीतल्या रक्ताशी जुळतो का ते बघायचं आणि जुळला की पिशवी वर ऑपरेशनच्या मजल्यावर पाठवायची. रजिस्टरमध्ये दोन सह्या लागतात. पहिली तिची, दुसरी माझी. एवढ्या वर्षांत तिच्या सहीखाली सही करताना माझा हात कधी अडखळला नाही.

मागच्या वर्षी जे झालं त्याची सुरुवात एका सिनेमाने झाली. लहानपणी तिचं एक पुस्तक जिवाभावाचं होतं, 'वाऱ्यांचं कोठार'. गावातला वारा थांबतो, पवनचक्की बंद पडते आणि चक्कीवाल्याची मुलगी चक्कीचा जिना चढत चढत थेट आभाळातल्या कोठारापर्यंत जाते. तिथे एका म्हाताऱ्याने जगातले सगळे वारे पोत्यांत बांधून ठेवलेले असतात. कोठाराला सात दारं. प्रत्येक दारात मुलीने आपलं काहीतरी देऊन जायचं: चप्पल, वेणी, सावली, असं करत शेवटी स्वतःचं नाव. सोबतीला एक काणा बगळा. या पुस्तकावर नवीन सिनेमा आला म्हणून दोनदा तिच्या नऊ वर्षांच्या नातीला घेऊन गेली.

सिनेमा संपला तेव्हा ती नातीला म्हणाली, "सगळं दाखवलं, पण पूलच गाळला की यांनी."

"कुठला पूल?"

"परत येतानाचा. मुलगी स्वतःचं नाव विसरलेली असते. पुलावर बगळा तिला म्हणतो, तू विसर, मी लक्षात ठेवतो. दोघांपैकी एकाला आठवलं की पुरे."

नात चौकस. तिने पुस्तक आणून चार दिवसांत फडशा पाडला आणि फोन केला. "आजी, पूल नाहीये. बगळा वरच राहतो. मुलगी एकटीच खाली येते."

दुसऱ्या दिवशी दोनदाने ही गोष्ट मला हसत हसत सांगितली. मीही हसले. पण मधल्या सुट्टीत तिने डबा उघडला आणि तसाच बंद केला, तेव्हा मला कळलं की हसणं वरवरचं आहे.

कारण मला माहीत होतं. तिच्या आईचं विसरणं सत्तावन्नाव्या वर्षी सुरू झालं. आणि तेही असंच, नसलेल्या गोष्टी आठवण्यापासून. 'काल धोबी येऊन गेला,' असं ठामपणे म्हणायची, आणि धोबी महिनाभर फिरकलेला नसायचा. पुढे अकरा वर्षं दोनदाची थोरली बहीण, अक्का, आईला सांभाळत राहिली. आणि हा सिनेमा आला तेव्हा दोनदाला छप्पन्न पूर्ण होत होती.

तिने पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. लहानपणी वाचायची ती मजेने. आता वाचत होती ती पोलिसासारखी. पूल नव्हता. मग तिला वाटलं, आपण तो पडद्यावर पाहिला असेल. या पुस्तकावर आधीही दोन वेळा काम झालं होतं: एक जुना कृष्णधवल चित्रपट आणि तिची मुलगी लहान असताना टीव्हीवर लागलेली तेरा भागांची मालिका. सुट्टीच्या दुपारी पडदे ओढून तिने दोन्ही पाहिली. मांडीवर वही. पानावर उभ्या रेघा मारून पुस्तक, चित्रपट, मालिका, नवा सिनेमा, असे चार रकाने.

ती वही मी पाहिलेली आहे. आमची दोनदा एरवी सिनेमावर दोन वाक्यं बोलणार नाही, पण वहीत काय एकेक लिहिलं होतं. जुन्या चित्रपटात मुलगी चांगली सोळा-सतराची घोडी आहे आणि दर दाराशी गाणं म्हणते. बगळा म्हणजे पांढरे कपडे घातलेला माणूस, पंखाची शिवण दिसते. पण वारा सुटतो ती जागा त्यांनीच ओळखली. पुस्तकात तिथे एकच ओळ आहे, 'मग पडदा हलला.' चित्रपटात संगीत थांबतं आणि खरंच फक्त खिडकीचा पडदा हलतो. नव्या सिनेमात त्याच जागी घरं उडतात. मालिका संथ, पण त्यातला कोठारवाला खरा. तो दुष्ट वाटत नाही, फक्त पोती मोजत बसतो आणि संख्या चुकली की रडवेला होतो. नव्या सिनेमाने त्याला दुःखी बालपण दिलंय, म्हणजे आता त्याचा राग करायची सोय राहिली नाही.

चारही रकान्यांत 'पूल' या शब्दासमोर तिने लिहिलं होतं: नाही, नाही, नाही, नाही.

"बगळ्याचा आवाजसुद्धा आठवतो मला," ती मला म्हणाली. सेंट्रिफ्यूज फिरत होतं आणि आम्ही त्याच्यासमोर उभ्या होतो. "घोगरा. पूल दोरीचा. मधली एक फळी नसलेली. एवढं सगळं माझ्या डोक्याने आपलं आपण तयार केलं?"

"मग काय झालं? माणसाची आठवण आहे, रजिस्टर नाही."

"माझी रजिस्टरसारखीच होती," ती म्हणाली.

त्यानंतर ती स्वतःवर पाळत ठेवायला लागली. बसमधून उतरल्यावर कुलूप लावल्याचं आठवेना तर परत घरी. भाजीवाल्याचं नाव पटकन सुचलं नाही तर दिवसभर चेहरा उतरलेला. आणि कामावर दोनदाचं तीनदा झालं, तीनदाचं चारदा. मी बघत होते. बोलले नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

एका सकाळी अपघाताची केस आली. दोन पिशव्या तातडीने हव्या होत्या. तपासणी झाली, सगळं जुळलं, फक्त सही बाकी. दोनदाने गट वाचला, नंबर वाचला. पुन्हा वाचला. पुन्हा. पेन रजिस्टरवर टेकलेलं आणि हात हलेना. वरून दोन वेळा फोन आला, मग सिस्टर स्वतः जिना उतरून खाली आली. "काय चाललंय इथे? तिकडे पेशंट टेबलावर आहे." दोनदा पुन्हा पहिल्या अंकापासून वाचायला लागली.

तिच्या हातातलं पेन मी काढून घेऊ शकले असते. पण मग ती त्या टेबलाशी पुन्हा उभी राहिली नसती. मी म्हटलं, "मोठ्याने वाच. मी पिशवीवर बोट ठेवते." तिने एकेक अंक उच्चारला, मी हो म्हणत गेले, आणि तिने सही केली. बारा मिनिटं उशीर झाला होता. पेशंट वाचला. त्याला हे कधी कळणारही नाही.

ती तडक आमच्या मोठ्या डॉक्टरांकडे गेली. "मला या टेबलावरून काढा," म्हणाली, आणि आईपासून पुलापर्यंत सगळं सांगितलं. डॉक्टर भले माणूस. त्यांनी तिला रक्तदात्यांचे फॉर्म भरून घेण्याच्या कामावर बसवलं आणि स्मरणशक्तीच्या तपासणीची चिठ्ठी लिहून दिली. तिथे तिला घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात वजा करायला लावले, पाच शब्द सांगून दहा मिनिटांनी विचारले. निकाल चांगला आला. आम्हाला वाटलं, सुटलो.

"आईचीही पहिली तपासणी चांगलीच आली होती," ती म्हणाली. झालं, पहिले पाढे पंचावन्न.

मी म्हटलं, "अक्कांना विचार ना. लहानपणी एकत्रच वाढलात. पुस्तक घरात कुणी आणलं, ते तरी त्यांना आठवत असेल."

"अक्काला नको."

"का?"

"आईचं सगळ्यात आधी तिच्याच लक्षात आलं होतं. माझ्या एका वाक्यावरून ओळखेल ती." मग थोड्या वेळाने म्हणाली, "आणि हल्ली ती फोनवर धड बोलतच नाही. दोन मिनिटांत ठेवते. आईच्या वेळी मी नोकरीचं कारण सांगून लांब राहिले, ते अजून मनात असणार तिच्या."

शेवटी एका रविवारी मीच तिला बसमध्ये बसवलं आणि शेजारी बसले. दोन तासांचा रस्ता. ती खिडकीबाहेर बघत दुकानांच्या पाट्या पुटपुटत होती, नंतर आठवतात का बघायला.

अक्कांनी दार उघडायला वेळ लावला. साठीची बाई, ताठ, केस नीट विंचरलेले. बहिणीला बघून आधी गोंधळल्या, मग म्हणाल्या, "फोन करून यायचं की नाही? ये. ही कोण, मैत्रीण का तुझी?" आम्ही बसलो. दोनदाने प्रस्तावना वगैरे केली नाही. "अक्का, वाऱ्यांच्या कोठारात पूल होता का गं?"

अक्कांना हसू फुटलं.

"पूल मी बांधला. वाचनालयाची प्रत होती ती. सातव्या दारानंतरची आठ-दहा पानं कुणीतरी फाडलेली. तुला एकशे तीन ताप, मी उशाशी बसून वाचतेय, आणि तू सारखी विचारतेस, पुढे काय झालं, पुढे काय झालं. मुलीला काय तिथेच टांगून ठेवायचं? मग केला एक पूल. दोरीचा."

"मधली फळी नसलेला."

"ती फळी तुझी. मी अख्खाच केला होता. तूच म्हणालीस, एक फळी तुटू दे." अक्कांनी घसा खाकरला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "तू विसर. मी लक्षात ठेवतो."

दोनदाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलत होते. मलाही हायसं वाटलं. इतके महिने जीव टांगणीला लागलेला. अक्का उठल्या. "रडतेस काय वेड्यासारखी? थांब, चहा टाकते."

पाच मिनिटं झाली, दहा झाली. आतून भांड्याचा आवाज नाही. दोनदा उठून गेली, मी तिच्या मागे. अक्का फडताळाचं दार उघडून उभ्या होत्या. दाराच्या आतल्या बाजूला कागद चिकटवलेला होता, त्यांच्याच वळणदार अक्षरात. साखर, निळा डबा. चहा, त्याच्या शेजारी. गॅस बंद केला का बघणे. चावी खिळ्याला. आणि खाली, चौकोन करून, बहिणीचा फोन नंबर.

अक्का कागद वाचत होत्या. आम्ही आल्याचं कळलं तरी वळल्या नाहीत.

"बघितलंस ना," त्या म्हणाल्या. "झालं मग."

"कधीपासून?"

"आठ-नऊ महिने."

"म्हणून फोन लवकर ठेवायचीस?"

"जास्त बोललं की अडखळते. तुझ्या लक्षात आलं असतं."

"मला सांगायचंस ना, अक्का."

"सांगितलं असतं तर तू आधी स्वतःच्या डोक्यात शोधायला लागली असतीस. तुझा स्वभाव मला माहीत नाही का?" मग त्यांनी निळा डबा खाली काढला. "अकरा वर्षं आईचं बघितलंय मी. पुढे काय काय होतं ते सगळं मला पाठ आहे. नेमकं तेवढंच विसरायला होत नाही."

चहा शेवटी मी केला.

परतीच्या बसमध्ये दोनदाने एकही पाटी वाचली नाही. जाताना भीती स्वतःची होती. येताना ती भीती गेली नव्हती, फक्त सरकून तिने अक्कांसाठीही जागा केली होती. अक्का लगेच यायला तयार नव्हत्या. तीन आठवडे फोनवर वाद चालला. एके दिवशी दूध उतू जाऊन शेगडी विझली आणि गॅसचा वास शेजारणीला आला, तेव्हा त्यांनीच फोन करून सांगितलं, "ने मला."

अक्कांना तपासून डॉक्टर म्हणाले, आजार सुरुवातीचा आहे; औषधाने चाल मंदावेल, थांबणार नाही. दोनदा महिनाभराने टेबलावर परत आली. हल्ली ती पुन्हा दोनदाच वाचते. स्वतःची तपासणी मात्र दर वर्षी करणार आहे, आणि निकाल येईपर्यंत तिच्याशी बोलण्यात अर्थ नसेल.

घरी अक्कांनी पहिल्याच आठवड्यात तिला वही घेऊन समोर बसवलं. "आता डोकं चालतंय तोवर लिहून घे," म्हणाल्या आणि स्वतःला कसं सांभाळायचं ते क्रमाने सांगायला लागल्या. मी आंघोळीला नाही म्हणाले तर भांडू नकोस, दहा मिनिटांनी पुन्हा विचार. मी चोर आला म्हटलं तर नाही म्हणू नकोस, दार लावून ये. आरसा त्रास देऊ लागला की झाकून टाक. दोनदा खाली मान घालून लिहीत होती.

"आणि तुला ओळखलं नाही," अक्का म्हणाल्या, "तर माझ्यासमोर रडायचं नाही. बाहेर जा, पाणी पी, परत आत ये आणि सांग, मी तुझी धाकटी बहीण. लिहिलंस?"

"लिहिलं."

अशी चोवीस कलमं आहेत. आतापर्यंत त्यातली दोनच वापरावी लागली.