अण्णांची डावी बाजू

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं होती. मी नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होते. विजेच्या स्विचमध्ये बसणारे तांब्याचे बारीक तुकडे ट्रेमधून आमच्या टेबलावर यायचे. एकेक तुकडा भिंगाखाली धरायचा, ओरखडा किंवा धारेला राहिलेलं कुसळ दिसलं की लाल डब्यात टाकायचा, नाहीतर पुढे सरकवायचा. बारा-तेरा वर्षं हेच केलं होतं आणि चांगलं केलं होतं. एकेचाळिसावं लागलं तशी मात्र गंमत सुरू झाली. तुकडा जवळ धरला की धूसर, लांब धरला की बारीक. एका आठवड्यात माझ्या टेबलावरून पुढे गेलेले दोन ट्रे परत आले, तेव्हा सुपरवायझर हळूच म्हणाले, "मॅडम, आता चष्मा लावा. चाळिशी कुणाला चुकली आहे?"

मला त्यात काही वाटलं नाही. मेन रोडला फुटपाथवर तयार चष्मे मिळायचे. दोन-चार लावून बघायचे, ज्याच्यातून अक्षर स्वच्छ दिसेल तो घ्यायचा. माझ्या नणंदेनं तसाच घेतला होता. मीही घेणारच होते, पण आमच्या विभागाचा नियम आडवा आला. तपासणीवर बसणाऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरचा दाखला लागायचा. चिडचिड करतच मी कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीतल्या एका दवाखान्यात गेले. एका कागदासाठी सुट्टीचा दिवस जाणार, एवढंच डोक्यात होतं.

डॉक्टर बाई माझ्याच वयाच्या असतील. समोरच्या पाटीवरची अक्षरं मी शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचली. जवळचा नंबर निघाला. मी पर्स उचलली.

"बसा बसा," त्या म्हणाल्या. "डोळे अजून कुठे बघितलेत मी?"

"बघितलेत की. नंबर काढलात ना."

"तो चष्म्याचा झाला. डोळा आतून बघायचा राहिलाय."

त्यांनी डोळ्यांत थेंब घालून एका यंत्रासमोर हनुवटी टेकवायला लावली. निळा उजेड अगदी बुबुळाला टेकेपर्यंत जवळ आला. मग म्हणे डोळ्यातला दाब मोजला. त्यानंतर दुसरे थेंब, अर्धा तास डोळे मिटून बाकावर, आणि मग त्या प्रखर उजेड टाकून माझ्या डोळ्यांच्या तळाशी कितीतरी वेळ बघत राहिल्या. एकदा उजवा, एकदा डावा, परत उजवा.

"तुमच्या घरात कुणाला काचबिंदू आहे का?"

"मोतीबिंदू?"

"नाही. काचबिंदू."

तो शब्द मी ऐकलेला होता, पण त्याचा आणि माझा संबंध काय ते कळेना. घरी सगळ्यांचे डोळे चांगले आहेत, असं मी ठामपणे सांगितलं. त्यांनी दोन दिवसांनी पुन्हा बोलावलं. त्या वेळी एका अंधाऱ्या खोलीत, एक डोळा झाकून, पांढऱ्या घुमटात बघत बसायचं होतं. कुठेही उजेडाचा ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. नजरेचा घेर किती आहे ते त्यात कळतं.

त्या कागदावर माझ्या उजव्या डोळ्याच्या कडेला छोटासा काळा डाग आला. डॉक्टरांनी मला आणि यजमानांना समोर बसवून नीट सांगितलं. डोळ्यातला दाब वाढतो आणि मागची नस हळूहळू सुकत जाते. दुखत नाही, लाल होत नाही. आधी कडेचं दिसणं जातं. मधलं शाबूत असतं, म्हणून माणूस पाटी वाचतो, पेपर वाचतो आणि त्याला पत्ता लागत नाही. गेलेलं परत येत नाही.

मी त्या शेवटच्या वाक्यावर अडकले. यजमानांनीच विचारलं, "म्हणजे हिचं दिसणं जाणार?"

"अहो, उलट आहे," त्या म्हणाल्या. "फार लवकर सापडलंय. सकाळ-संध्याकाळ थेंब घालायचे, न चुकता. वेळेवर तपासायला यायचं. एवढं केलंत तर म्हातारपणीसुद्धा हीच नजर राहील अशी मला आशा आहे. दमा वगैरे नाही ना? मग हे थेंब चालतील." आणि कागद लिहिता लिहिता म्हणाल्या, "हे घराण्यात असतं पुष्कळदा. आई-वडील, भाऊ-बहिणी, सगळ्यांचे डोळे तपासून घ्या."

स्कूटरवर मागे बसून मी घरी येत होते. डोळ्यांसमोरून रस्ता, दुकानं, माणसं सगळं नेहमीसारखं जात होतं. त्र्यंबक नाक्यापाशी सिग्नलला थांबलो आणि एकदम मला माझे वडील आठवले. अण्णा. हातात चहाची बशी घेतलेले अण्णा.

अण्णा मनमाडला राहायचे. सगळी नोकरी त्यांची रेल्वेत, सिग्नलच्या केबिनमध्ये लिव्हर ओढण्यात गेली. निवृत्त होऊन सात-आठ वर्षं झाली होती. त्या वर्षी दिवाळीला गेले तेव्हा त्यांनी डाव्या हाताची बशी दोनदा सांडली होती. आई म्हणाली, "हल्ली असंच चाललंय यांचं. दाराच्या चौकटीला खांदा आपटतात. परवा बाजारात सायकलवाल्याच्या अंगावर गेले आणि वर त्यालाच शिव्या दिल्या." आम्ही सगळे हसलो होतो. मीसुद्धा. सांडणं डाव्या हाताचं, खांदा डावा, सायकल डाव्या बाजूनं आलेली. हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

पुढच्याच रविवारी मी मनमाडला गेले. अण्णा ओट्यावर पेपर वाचत बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी माझ्यासाठी फार वाईट वाटून घेतलं, स्वतःचा विषय निघताच मात्र हात झटकला.

"मला काय नाय झालं. अगं, रेल्वेनं तीस वर्षं माझे डोळे तपासलेत. भुसावळला बोलवायचे. लाल, हिरवा, पिवळा, एकदा नाय चुकलो."

"ते आठ वर्षांपूर्वी होतं, अण्णा."

"हे बघ." त्यांनी पेपरातली बारीक टायपातली निविदा सूचना चष्म्यातून घडाघडा वाचून दाखवली. "आता बोल. थोडा मोतीबिंदू असंल. पिकला की काढू."

वाचता येत होतंच त्यांना, आणि मला पण येत होतं. मग मला सुचलं ते मी केलं. त्यांच्यासमोर पाट ओढून बसले, गुडघ्याला गुडघा लावून. माझ्या तळव्यानं त्यांचा उजवा डोळा अलगद झाकला.

"माझ्या नाकाकडे बघा. हलू नका. काय काय दिसतं सांगा."

ते हसत होते. हसता हसता थांबले.

"नाक दिसतंय."

"आणि?"

"नाक दिसतंय तुझं." त्यांनी मान वळवायचा प्रयत्न केला, मी वळवू दिली नाही. दुसऱ्या हाताची बोटं मी त्यांच्या डाव्या कानाच्या बाजूनं पुढे आणत गेले. माझ्या गालापाशी पोचली तरी त्यांना दिसली नाहीत. "बाकीची तू कुठं आहेस?" अण्णा म्हणाले.

आई दारात उभी होती. मी हात काढला. अण्णांनी पेपरची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "उद्याची पहिली गाडी धरू."

डॉक्टरांकडे त्यांची मोठीच तारांबळ झाली. त्या घुमटाच्या यंत्रासमोर अण्णांना वाटलं की ही पास व्हायची परीक्षा आहे. ठिपका दिसो न दिसो, ते ठरावीक अंतरानं बटण दाबत गेले. कागद बघून डॉक्टर बाहेर आल्या. "काका, तुम्ही फसवताय मला."

"मी?"

"न दिसलेले ठिपके पण दाबलेत तुम्ही. इथे कुणी नापास करत नाही. दिसलं तरच दाबा. नाही दिसलं तर गप्प बसा, तेच मला हवंय."

दुसऱ्यांदा त्यांनी प्रामाणिकपणे केलं. डाव्या डोळ्याचा कागद जवळजवळ काळाच निघाला, मधे थोडी पांढरी जागा. उजव्याला वरच्या अंगानं काळं चढायला लागलं होतं, पण खूप मोठा भाग मोकळा होता. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. डाव्याचं गेलेलं येणार नाही. उजवा वाचवायचा, आणि तो वाचवता येईल. अजून वर्ष-दोन वर्षं उशीर झाला असता तर असं म्हणता आलं नसतं. मोतीबिंदू म्हणाल तर नावालाच होता.

अण्णांनी फक्त एक प्रश्न विचारला. "पेपर वाचता येईल?"

"येईल. थेंब चुकवले नाहीत तर."

"ड्युटी कधी चुकवली नाय मी," अण्णा म्हणाले.

मला तेव्हा रडण्याऐवजी हसूच आलं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मी त्यांच्या डाव्या बाजूला झाले आणि हात धरला. त्यांनी धरू दिला, असं पहिल्यांदाच झालं.

त्यानंतर थेंबांवरून त्यांच्या घरात रोज भांडण व्हायचं. आई बाटली दाबायची, थेंब गालावर पडायचा. अण्णा म्हणायचे, "नेम धर की." आई म्हणायची, "पापण्या मिटू नका, मग धरते." थेंब पडला की डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटानं दाबून बसायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. अण्णा तसे बसले की आई घड्याळ बघायची. फोनवर आई मला आधी हेच सांगायची, बाकी खुशाली नंतर. आणखी एक बदल झाला. लग्नापासून आई त्यांच्या दोन पावलं मागे चालायची. आता ती बाजारात त्यांच्या डाव्या अंगाला, बरोबरीनं चालायला लागली. सायकल, हातगाडी, गाय, जे येईल ते सांगायची. ओळखीच्या बायका हसायच्या. तिला पर्वा नव्हती.

दोन हजार साल उलटून गेलं, वर्षं जात राहिली. दर सहा महिन्यांनी अण्णा नाशिकला यायचे, आम्ही बापलेक एकाच दिवशी तपासून घ्यायचो. डॉक्टर जुना कागद नव्या कागदाशेजारी ठेवायच्या. त्या बघत असायच्या तेवढा वेळ आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नसू. मग त्या म्हणायच्या, "आहे तसंच आहे." एकदा मधे अण्णांचा दाब वर गेला तेव्हा थेंब बदलावे लागले, तेवढंच. उजव्या डोळ्यानं ते शेवटच्या आजारपणापर्यंत पेपर वाचत होते, निविदा सूचनांसकट. माझ्या काळ्या डागानंही पाय पसरले नाहीत. चष्मा लावून मी कारखान्यात माझ्याच टेबलावर बसत राहिले.

राहिला होता माझा धाकटा भाऊ. त्याचं मालेगावला यंत्रमागाच्या सुट्या भागांचं दुकान. त्याच्या मागे मी किती वर्षं लागले होते त्याची मोजदाद नाही. "मला स्वच्छ दिसतंय, ताई," हे त्याचं ठरलेलं उत्तर. अण्णांनाही स्वच्छच दिसत होतं, हे मी सांगायचे. तो विषय बदलायचा. मला वाटतं, तो कंटाळा करत नव्हता, घाबरत होता. त्यानं अण्णांचा तो काळा कागद बघितला होता. शेवटी त्याला चाळीस पूर्ण झाली तेव्हा त्याच्या बायकोनंच त्याला गाडीत घालून आणलं.

डॉक्टरांनी त्याची सगळी तपासणी केली. दाब ठीक. नस ठीक. घुमटातला कागद पांढराशुभ्र. "आत्ता काहीही नाही," त्या म्हणाल्या. "पण वर्षातून एकदा यायचं, घराण्यात आहे म्हणून." भावजयीनं तिथेच हात जोडले, कुणाला ते तिचं तिलाच माहीत. मी बाहेर येऊन बाकावर बसले. माझे पाय मोकळे होत होते, जणू कितीतरी वर्षं ताठ उभी होते.

भाऊ मात्र बाहेर येताच फणकारला. "झालं समाधान? अख्खी सकाळ गेली. दुकान बंद ठेवलंय मी."

"झालं," मी म्हणाले. "पुढच्या वर्षी पण जाऊ दे अशीच सकाळ."

समोरच्या हॉटेलात चहा घेतला. डोळ्यांत थेंब घातलेले, त्यामुळे त्याला जवळचं काहीच नीट दिसत नव्हतं. ओठाला साय लागली की तो तोंड वाकडं करायचा. मी त्याचा कप ओढून घेतला, चमच्यानं साय काढली आणि परत त्याच्यापुढे सरकवला.