आतली पंगत

पोलादपूरच्या बाजारात शेटचं दुकान होतं. बाबा डोंगरावरून नाचणी, वरी घेऊन उतरायचे, ती तिथंच घालायचे. शेटचे उपकार मी विसरलेले नाही. त्यांच्या धाकट्या मुलीची जुनी पुस्तकं दर जूनमध्ये मला मिळत. ती नसती तर सातवीनंतर माझी शाळा सुटली असती.

बाबांना अक्षरओळख नव्हती. संध्याकाळी गुरांना वैरण घातली की ओट्यावर बसून विचारायचे, "आज काय शिकवलं गो?" आठवीत एकदा मी इतिहासातला चार वर्णांचा धडा वाचून दाखवला. वैश्यांपुढे लिहिलं होतं : शेती, गोपालन आणि व्यापार.

बाबांनी तेवढंच पुन्हा वाचायला लावलं. "शेती आमी करतो. गुरं हायत. व्यापार शेट करतो. म्हंजे आमी नि शेट एकच की."

"पुस्तकात तसंच आहे," मी म्हटलं.

त्या वैशाखात शेटच्या थोरल्या मुलीचं लग्न होतं. पत्रावळी आमच्या घरून गेल्या होत्या. आई आणि मी आठवडाभर पळसाची पानं टाचत होतो. शेटचे नातेवाईक पडवीत जेवायचे, आमच्यासारखे शेतकरी अंगणात. बाबा कायम अंगणातच जेवत आले होते, त्याचं त्यांना काही वाटत नसे. त्या दिवशी मात्र ते टोपी सारखी करून सरळ पडवीत जाऊन बसले. मी आईजवळ दाराशी उभी होते. पानांवर मीठ वाढून झालं होतं.

शेटचा भाऊ जवळ आला. "तुमची पंगत बाहेर आहे."

"नाय, माझी लेक शिकते. पुस्तकात हाय, तुमी आमी एकाच वर्णाचे."

पाहुण्यांपैकी एक जण म्हणाला, "मग पुस्तकातच जेव."

सगळी ओळ हसली. शेट तुपाची वाटी घेऊन समोरच उभे होते. ते वाटीतच बघत राहिले. बाबा उठले. मीठ सांडू नये म्हणून पत्रावळ दोन्ही हातांनी धरून अंगणात आले आणि तिथं जेवले.

परतताना चढणीवर मी म्हटलं, "बाबा, माझं चुकलं."

"तुझं काय चुकलं? लिवलंय तेच वाचलंस."

त्यानंतरही ते रोज काय शिकवलं ते विचारायचे. मी गणित सांगायचे, भूगोल सांगायचे. इतिहास पुन्हा कधी सांगितला नाही.

महाडच्या कॉलेजातून मी बी.ए. झाले, तेव्हा आम्ही दोघं पेढे घेऊन दुकानात गेलो. शेट आता थकले होते. गादीवर सरकून त्यांनी शेजारची जागा हातानं झाडली. "या, इथं बसा."

बाबांनी त्यांना पेढा दिला. "तुमच्या पुस्तकांवर शिकली, शेट," म्हणाले, आणि पायरीवर आपल्या नेहमीच्या जागी जाऊन बसले.

शेटचा हात बराच वेळ गादीवर तसाच होता.