आत्याचे जर्मनचे गंज

मागच्या रविवारी मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या आमच्या घरी आत्याचा भात पारच बिघडला. खाली करपलेला, वर कच्चा... जिच्या भाताला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं, तिचा.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. मला शाळेत उशिरा घातलं, तोवर अक्षरं, पाढे सगळं तिनेच घरी शिकवलं. हल्ली ती विसरते... चष्मा, दूधवाल्याचं नाव, कधी चालू गॅससुद्धा. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाची सुरुवात सांगितली आहे.

तेव्हापासून मी सापडेल ते वाचत सुटले होते. एका व्हिडिओत ठासून सांगितलं, या आजाराचं मूळ अ‍ॅल्युमिनियमची भांडी. आमच्याकडे अ‍ॅल्युमिनियमला जर्मन म्हणतात, आणि आत्याचा सगळा स्वयंपाक जर्मनच्या गंजात, म्हणजे पातेल्यात. आंबट अंबाडीची भाजीसुद्धा...

ती देवळात गेलेली असताना मी सगळे गंज पोत्यात भरून माळ्यावर टाकले. त्यांच्या जागी नवे स्टीलचे मांडले.

त्यानंतर भात कधी गिचका, कधी फडफडीत. रविवारी तर करपलाच. बाबा म्हणाले, "ताईले आता गॅसपाशी जाऊ देऊ नको." आत्या अंगणात जाऊन बसली. मला वाटलं, आजार वाढला... भांडी काढायला मी उशीर केला.

सोमवारी तिला घेऊन डॉक्टरांकडे गेले, भात करपल्याचं सांगितलं आणि भांड्यांचं विचारलं. ते म्हणाले, काही रुग्णांच्या मेंदूत अ‍ॅल्युमिनियम सापडलं आहे, पण आजार त्यानेच होतो हे सिद्ध झालेलं नाही. अन्नातून जाणारं फारसं अंगात मुरत नाही, मुरतं ते किडनी बाहेर टाकते. किडनी खराब असेल तर जपायचं. बाकीच्यांनी आंबट तेवढं त्यात शिजवू नये, ठेवू नये.

मग त्यांनी आत्याला विचारलं, "अम्माजी, चावल कैसे बिगड़ गया?"

"पाणी कुठवर घालू जी? माह्या गंजाले पोचा पडला होता, तिथवर पाणी घातलं का भात मोकळा. नवे गंज दिसले, तं वाटलं, जुने मीच कुठं ठेवून भुलली. म्हणून कोणाले विचारलं नाही..."

मी तिचा हात धरला. "आत्या, ते मी ठेवले माळ्यावर. तू नाही भुललीस."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग डॉक्टरांना म्हणाली, "लहानपणी पाटी लपवे, आता गंज लपवते. हिलेच काही गोळी द्या."

आता भात तिच्या गंजात होतो, अंबाडी आणि कढी स्टीलमध्ये. गॅस मी बंद करते. आजार आहेच, तो वाढेल हेही डॉक्टरांनी सांगितलं आहे. तो कशाने आला, मला अजून माहीत नाही.

पण घरातली वस्तू हलवली की मी तिला सांगते. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगते... तिचं स्वतःचं विसरणंच तिला पुष्कळ आहे, त्यात माझ्या काळजीची भर नको.