सोलापूरचा बर्फ

निजामाच्या अख्ख्या मुलखात हिमालय तोंडपाठ असलेला आणि हातलाईच्या डोंगरापेक्षा उंच काहीही न पाहिलेला असा एकच माणूस होता, आणि माझं नशीब असं की उस्मानाबादच्या शाळेत त्याची खुर्ची नेमकी माझ्या खुर्चीला लागून होती. शाळा उर्दू. गणिताला रियाजी म्हणायचं आणि भूगोलाला जुगराफिया. हे जुगराफियाचे मास्तर. मी मराठीचा, म्हणजे त्या घरातलं सावत्र लेकरू. बावीस वर्षं त्यांनी पोरांना हिमालय शिकवला. भिंतीवरच्या नकाशात हिमालयावरून बोट फिरवून फिरवून कागद असा झिजला होता की मागची चुन्याची भिंत दिसायची, आणि ती पांढरी रेघ पाहून नवी पोरं म्हणायची, "बर्फ लई भारी काढलाय!" माणूस गोड. कुणाला उलट शब्द नाही, कुणाची चहाडी नाही. फक्त जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना डोंगरासारखी दिसायची. आमचे हेडमास्तर रागावले आणि त्यांचा आवाज चढायला लागला, की हे माझ्या कानाशी येऊन हळूच सांगायचे, "गुरुजी, झाडं संपली. हितून पुढं नुसता बर्फ." मग मला हसू यायचं, आणि उरलेला राग माझ्यावर निघायचा.

जर्मनची लढाई संपली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी मला सांगितलं की ते हिमालयावर चढणार आहेत. मी म्हटलं, "पाहायला ना?" तर म्हणाले, "चढायला. एव्हरेस्ट नक्को, ते बड्या लोकांचं काम. आपल्यासारख्या मास्तरला दरमियानी पहाड बास." दरमियानी म्हणजे मधला, बेताचा. काठगोदामच्या पलीकडं असलं एक बेताचं शिखर त्यांनी पत्रं लिहून लिहून शोधून काढलं होतं. त्याला धड नावसुद्धा नव्हतं. "अहो पण कशासाठी?" मी कळवळून विचारलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "बावीस वर्षं पोरांला जे सांगितलं ते खरं हाय का, तेवढं वर जाऊन बघू द्या. मग मरायला म्या मोकळा."

मग तयारी सुरू झाली आणि गावाची करमणूक झाली. भर मेमध्ये हे गृहस्थ लोकरीचा ओव्हरकोट घालून, कानाला मफलर बांधून, पाठीवर जवारीचं अर्धं पोतं घेऊन हातलाईवर चढायचे. मी म्हटलं, "मास्तर, सवय थंडीची करायची असते, घामाची नाही." त्यावर त्यांचं उत्तर तयार होतं. "थंडी हितं कुठून आणू? कपड्याची तरी सवय करतो." त्यांच्या बीबी दाराच्या पडद्याआडून मला म्हणायच्या, "गुरुजी, इनो दिवाने हो गए. तुमी तरी सांगा की!" मी सांगायचो. ते ऐकायचे, हौ हौ करायचे आणि दुसऱ्या दिवशी पोत्यात आणखी चार शेर जवारी घालायचे.

पण खरी कमाल बर्फाची. आमच्याकडं बर्फ म्हणजे सोलापूरच्या कारखान्यातून मोटारीच्या टपावर, भुशात आणि गोणपाटात गुंडाळून येणारी लादी. कुणाच्या लग्नात सरबताला यायची, आणि वाटेत विरघळून अर्धीच पोचायची. मास्तरांनी सबंध आयुष्यात बर्फ पाहिला तो हाच, मीही हाच. पुस्तकातही बर्फ, मोटारीवरही बर्फ, शब्द एक, मग शंका कुणाला येणार? त्यांनी एक लादी मागवली, शाळेच्या अंगणात ठेवली आणि तिच्यावर बूट घालून उभे राहिले. जे घसरले ते थेट हौदापाशी. उठले, कोट झटकला आणि आनंदानं म्हणाले, "बघा, दगडासारखा सख्त! पुस्तकात लिवलंय तसाच. लोखंड पायजे." आणि बूट घेऊन बाजारात बैलांना नाल ठोकणाऱ्या नालबंदाकडं गेले. तो बिचारा हैराण. "मास्तर, बैलाला म्या आडवा पाडून, पाय बांधून ठोकतो. तुमचं कसं करायचं?" शेवटी बूट पायातून काढून ठोकायचे ठरले. एक जोड त्यांचा, एक माझा. कारण तोवर बीबींनी मला कसम घातली होती की त्यांना एकटं सोडायचं नाही. मी, ज्याला तुळजापूरचा घाट उतरतानासुद्धा धाप लागते, तो मी हो म्हणून बसलो होतो.

येडशीहून छोटी गाडी, कुर्डुवाडीहून मोठी गाडी, मग आणखी किती गाड्या, देवाला माहीत. डोंगरातल्या एका गावातून आम्ही एक म्हातारा वाटाड्या घेतला. त्यानं आमचे बूट पाहिले, हातात घेऊन वजन केलं आणि आमच्याकडं असं पाहिलं की मला जमीन दुभंगावी असं वाटलं. तीन दिवस चाललो. चौथ्या दिवशी दुपारी बर्फ आला. सगळं पांढरंशुभ्र, डोळे दिपणारं. मास्तर थांबले. टोपी नीट केली. नमाजाला उभं राहावं तसे क्षणभर उभे राहिले आणि नालाचा बूट दाणकन बर्फावर आपटला.

पाय गुडघ्यापर्यंत आत गेला.

दुसरा टाकला, तोही गेला. मास्तर कणगीत उतरल्यासारखे बर्फात उभे. वाकून त्यांनी मूठभर उचललं, दाबलं, ते पिठासारखं बोटांतून गळालं. वाटाड्याला म्हणाले, "ये बर्फ नहीं है." तो म्हणाला, "बर्फ ही है, साहब." "बर्फ सख्त होता है!" "कारखाने का होता होगा, साहब." मी हसलो. खरं सांगतो, पोट धरून हसलो. मग मास्तरांचं तोंड पाहिलं आणि माझं हसू जागच्या जागी मेलं. ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "गुरुजी, बावीस वर्षं म्या पोरांला चुकीचा बर्फ शिकवला."

त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. वाटाड्यानंच समजूत घातली, की पहाटे तो बर्फ टणक होतो, ऊन चढेपर्यंत लोखंड चालेल. आणि चाललं! पहाटे निघालो तर नाल कचाकच रुतत होते आणि मास्तर प्रत्येक पावलाला "वा!" म्हणत होते. "दोन्ही खरं गुरुजी! सोलापूरचाबी खरा, हाबी खरा! पोरांला सांगतो, सकाळचा एक आणि दुपारचा एक!" असा सुखी माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. ऊन चढलं तेव्हा माथा समोर दिसत होता. शाळेपासून दर्गा जेवढा, तेवढाच राहिला असेल.

आणि तिथं मी बसलो. डोकं फुटत होतं, दोनदा उलटी झाली होती, श्वास छातीत मावत नव्हता. वाटाड्या म्हणाला, याला खाली न्यायला हवं, आत्ता. तो एकटा, आम्ही दोघं. एकाला वर नेलं तर दुसरा बर्फात एकटा, आणि ऊन तर वाढत चाललेलं. मी म्हटलं, "मास्तर, तुम्ही जा. मी बसतो इथं." असं म्हणताना मनातून मी घाबरून अर्धमेला झालो होतो आणि ते माझ्या तोंडावर स्पष्ट दिसत असणार. मास्तरांनी माथ्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग खांद्यावरचा थर्मास काढला, खाली वाकून त्यात बर्फ भरला, झाकण घट्ट लावलं आणि माझ्या काखेत हात घातला. "उठा गुरुजी. खाली च्या करू." उतरताना त्यांनी एकदाही मागं वळून पाहिलं नाही. मीच पाहत होतो.

शाळा उघडली त्या दिवशी त्यांनी वर्गात टेबलावर थर्मास ठेवला. पोरं माना उंचावून बसलेली. मी हजेरीचं रजिस्टर घेऊन दारात. मास्तरांनी थर्मास उघडून पेल्यात ओतला, तर अर्थात पाणी. "हा हिमालयाचा बर्फ," ते गंभीरपणे म्हणाले, "उस्मानाबादला आला म्हणून असा दिसतो." पोरं खदखदून हसली, आणि तो हशा ऐकून हेडमास्तर आत आले. सुट्टीत जायची परवानगी देताना त्यांनी आधीच पुष्कळ टोमणे मारले होते. भर वर्गात त्यांनी विचारलं, "क्यों मास्टर साहब, चोटी फतह हुई?"

मास्तर म्हणाले, "नहीं साहब. थोडी राहिली. गुडघ्यानं दगा दिला."

गुडघ्यानं! ज्या माणसाला अख्ख्या गावानं अर्धं पोतं घेऊन हातलाईवर पळताना पाहिलं होतं, त्याच्या गुडघ्यानं! हेडमास्तर हसले, मागच्या बाकावरची पोरंही हसली. मी रजिस्टर छातीशी धरून उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं मला. 'गुडघा नव्हे साहेब, मी.' एवढंच. मी नाही बोललो. लाज वाटली, नोकरीची भीती वाटली, का नुसताच भित्रा आहे मी, कोण जाणे. थू माझ्या जिंदगानीवर!

त्या दिवसापासून मास्तर लंगडायला लागले. शाळेचं फाटक आलं की डावा पाय ओढायचे, फाटक सुटलं की ताडताड चालायचे. कधी विसरून उजवाही ओढायचे. मी एकदा चिडून म्हटलं, "पुरे करा हे!" तर म्हणाले, "आता बोललोय ना गुरुजी, निभवाया नको?" दोन वर्षं निभावलं त्यांनी ते.

मग निजामाचं राज्य गेलं. ते दिवस कसे होते ते ज्यांनी पाहिले त्यांना माहीत आहे, मला आठवावेसे वाटत नाहीत. मास्तर हैदराबादला लेकीकडं जायला निघाले. मोटारीच्या अड्ड्यावर मी एकटाच आलो होतो. पहाटेच सामान टपावर गेलं होतं, बीबी आत बसल्या होत्या. आज तरी बोलायचं, असं ठरवून मी घरून निघालो होतो. "मास्तर, त्या दिवशी वर्गात..." एवढंच म्हणालो. त्यांनी माझा हात दाबला. "गुरुजी, झाडं संपली," म्हणाले आणि हसले. मग वळले आणि मोटारीकडं चालू लागले, सावकाश, डावा पाय ओढत.

शाळा लांब होती. हेडमास्तर नव्हते, पोरं नव्हती. अड्ड्यावर मी सोडून त्यांच्या ओळखीचं कुणी नव्हतं.