म्हाताऱ्यांना विचारणाऱ्या डॉक्टरीणबाई

हो, बाईंना गाडी लागायची. आता हे छापायचं तर छापा, नाय तर खोडा, पण मी खोटं लिहिणार नाय. आंबेनळी घाटाच्या वळणांवर भलेभले गप्प होतात. बाई गाडी थांबवायला सांगायच्या, कठड्याला धरून उलटी करायच्या, चूळ भरायच्या, परत येऊन बसायच्या आणि बोलणं जिथं तुटलं होतं तिथून पुढं सुरू करायच्या. वर्षानुवर्षं हेच. एवढा त्रास होतो तर माणूस सपाटीवरचं काम बघेल. बाईंनी डोंगर धरला.

डॉ. नलिनी खांबेटे यांना साठ वर्षं पूर्ण झाली म्हणून हे पुस्तक निघतंय. बाकी लिहिणारे सगळे मोठे शिकलेले. माझी शाळा पाचवीत सुटली. मी बाईंना जीपमधून वाड्यावाड्यांवर नेलं, तेव्हा जे डोळ्यांनी बघितलं तेवढंच सांगतो.

पहिली भेट पोलादपूरच्या स्टँडवर झाली. मी सीटा भरत होतो. बाई पुढच्या सीटवर येऊन बसल्या आणि बोलल्या, "वरच्या वाडीत जायचंय."

मी बोललो, "कोण आजारी हाय?"

"तेच बघायला चाललेय."

मला वाटलं, बाई फिरकी घेतायत. नंतर कळलं, त्या सरळच बोलत होत्या. आजारी माणूस दवाखान्यात येईपर्यंत त्या थांबायच्या नाहीत.

आधी त्या महाडात साध्या डॉक्टर होत्या, ताप-खोकला बघणाऱ्या. बायका यायच्या, छातीत धडधडतं सांगायच्या, तपासलं तर काय सापडायचं नाय. म्हणून बाई मुंबईला जाऊन मनाची डॉक्टरकी शिकून आल्या. आल्या तर काय, सुना यायच्या सासूला बरोबर घेऊन. सासूपुढं कोण तोंड उघडणार? मग गावाचा, घराचा, नात्यागोत्याचा अभ्यास शिकायला बाई परत कॉलेजात गेल्या. तेव्हा त्यांचे केस पिकायला लागले होते. मी एकदा बोललो, "बाई, तीन-तीन शाळा कशाला? एकीत नापास झालात काय?"

बाई हसल्या. "झाले ना. प्रत्येक वेळी पेशंटनंच नापास केलं मला."

त्यांची काम करायची रीत वेगळी होती. वाडीत गेल्या की सुनेला काय विचारायच्या नाहीत. ओटीवर बसलेल्या म्हातारीला विचारायच्या, "आजी, तुमच्या बाळंतपणानंतर कसं होतं हो?" म्हातारीला आता कोणाची भीती? ती धडाधडा सांगायची. सून आत भाकरी थापत असायची. भाकरी थापायचा आवाज बंद झाला की बाईंना कळायचं, ती ऐकतेय. निघताना सूनच मागून यायची, "बाई, जरा थांबा."

आता माझ्या घरचं. सुरेखाला विचारून लिहितोय, म्हणून कोणी नाक मुरडू नये.

सुरेखा माझी मुलगी. वरंधच्या वरच्या अंगाला एका वाडीत दिली. मुलगा झाला आणि पोरगी बदलली. तोंड सुजलं, केस गळायला लागले, थंडी वाजायची. बोलायची नाय, पोराला घ्यायची नाय. माझे व्याही बोलले, बाहेरची बाधा हाय. जावई बापाच्या शब्दाबाहेर जाणारा नाय. भगत झाला, अंगारे झाले. शेवटी तिला माझ्या दारात आणून सोडली आणि पोर तिकडंच ठेवलं. ते तान्हं वरच्या दुधावर. निरोप आला की गावकीची बैठक बसवतोय, सोडचिठ्ठी घ्या. म्हणजे पोर कायमचं तुटणार.

बाईंनी पहिलं काय केलं, तर रक्त काढून मुंबईला धाडलं. गळ्याजवळ एक गाठ असते, थायरॉइड म्हणतात ती, बाळंतपणानंतर तिचं काम मंदावलं होतं. त्याची गोळी दिली. सूज उतरली, थंडी गेली. पण पोरगी भिंतीकडं तोंड करून पडायची ती पडायचीच. मग बाई तिच्यापाशी येऊन बसायला लागल्या. दार लोटून घ्यायच्या. आम्हाला आत सोडायच्या नाहीत. दुसरी गोळी दिली. सुरेखा हळूहळू उठायला लागली, आणि एक दिवस चुलीपाशी येऊन बोलली, "बाबा, तो आता पालथा पडत असंल."

गावकीच्या दिवशी मी बाईंना घेऊन निघालो. वाटेत हात जोडले. "बाई, तो रक्ताचा कागद दाखवा आणि सांगा, गळ्याचं दुखणं हाय, डोक्याचं काय नाय. विषय संपला."

बाई बोलल्या, "ते अर्धं खरं होईल."

"अर्ध्यानं काम होतंय ना?"

"आज होईल. पुढच्या बाळंतपणात पोर पुन्हा गप्प झाली आणि गळा ठीक निघाला, तर मग तिला कोण वाचवणार?"

मला राग आला. सगळा रस्ता गाडी आदळत नेली. हिचं काय जातंय, घर माझ्या पोरीचं मोडतंय, असं डोक्यात चाललेलं.

देवळाच्या सभामंडपात पुरुष बसलेले. बायका बाहेर जोत्याखाली उभ्या. व्याही मोठ्यानं बोलत होते, "आई असून जी लेकराला हात लावत नाय, ती बाई काय कामाची?" माना हलल्या. मी खाली बघत बसलो.

बाई उभ्या राहिल्या. बोलल्या, "मला सांगायचं काही नाही. विचारायचंय. परवानगी आहे का?" आणि खांबाला टेकून बसलेल्या व्याह्यांच्या आईकडं वळल्या. "आजी, तुमच्या बाळंतपणाचं सांगा."

हशा पिकला. एकजण बोलला, "बाई, तिचं कसलं बाळंतपण आता? तिला वरचं बोलावणं आलंय."

म्हातारी त्याच्यावर खेकसली. "तुझ्या आधी नाय जायची मी, मेल्या. गप बस." मग व्याह्यांकडं बोट केलं. "ह्याच्या वेळेला सांगू? ह्याला मी घेत नव्हते. पाळण्यात वरडून वरडून निळा पडायचा, मी आढ्याकडं बघत राहायची. माझ्या जावेनं पाजला ह्याला. भात कापणीला आला, तवा कुठं ह्याला उचलला."

"आणि तुम्हाला माहेरी धाडलं?" बाईंनी विचारलं.

"मला कशाला धाडतील? घर माझंच होतं की."

बाहेरून एका बाईचा आवाज आला, "माझ्या थोरल्याच्या वेळी मलापण असंच..." मग दुसरीचा. बाईंनी मग सगळं सांगितलं, गळ्याचं आणि मनाचंपण, काय लपवलं नाय. व्याही आईकडं बघत होते, पहिल्यांदा बघितल्यासारखे.

घाट उतरताना मी विचारलं, "बाई, म्हातारीचं तुम्हाला आधीच माहीत होतं?"

"नाही."

"आणि ती नाय बोलली असती तर?"

"दुसऱ्या म्हातारीला विचारलं असतं."

मी गाडी बाजूला घेतली. मला चालवायला जमेना. असली हिंमत मी कोणाची बघितली नाय. परक्या गावकीत, हातात एका प्रश्नाशिवाय काय नाय, आणि तरी खोटं बोलायचं नाय.

त्याच आठवड्यात आमचे व्याही, ज्यांच्यापुढं अख्खी वाडी वचकून असते, पोराला घोंगडीत गुंडाळून आमच्या अंगणात येऊन उभे राहिले. आत आले नाहीत. बाहेरूनच बोलले, "चल गो सुरेखा. आजी बोलावतेय." पोर तिच्या हातात दिलं आणि दुसरीकडं बघत राहिले.

आता पुण्या-मुंबईचे डॉक्टर बाईंच्या हाताखाली शिकायला येतात. मी त्यांना वर नेतो. ते सुनेलाच विचारायला लागले की बाई डोळ्यांनी दटावतात.

बाईंना भरपूर आयुष्य मिळो, गुडघे धड राहोत, डोळे शाबूत राहोत. दासगावापासून पार वरच्या धनगरवाड्यांपर्यंत बायका त्यांची वाट बघतात, हे मी रोज ऐकतो.

संपादक बोलले, दार लोटून बाई आणि सुरेखा काय बोलायच्या तेपण लिहा, वाचणाऱ्यांना आवडेल. ते मला माहीत नाय. मी विचारलं नाय, विचारणार नाय, आणि ह्यापुढं मी काय सांगणारपण नाय.